घरात चपला कोण घालतं?

आई लंडनला आली तेव्हा तिला नॅशनल गॅलरीत नेलं होतं. यान व्हॅन आइकच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रापाशी ती थबकली. हिरव्या झग्यातली बाई, हात पोटाशी. "हिचं डोहाळजेवण आहे का गं?"

नव्हतं. त्या काळच्या श्रीमंत बायका झग्याचा भरघोस घोळ असाच पोटाशी धरत. आपल्याकडच्या हिरव्या रंगाचा अर्थ आईने थेट चित्रकाराच्या ब्रुज शहरात नेला होता.

मग मी तिला एर्विन पानोफ्स्की या कलाअभ्यासकाचं १९३४ सालचं म्हणणं सांगितलं: हे चित्र म्हणजे लग्नाचा दाखलाच. कुत्रा म्हणजे निष्ठा, दिवसाउजेडी जळणारी मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी देव, काढून ठेवलेल्या लाकडी खडावा म्हणजे पवित्र जागा. आई म्हणाली, "घरात चपला कोण घालतं?" खरंच, त्या खडावा रस्त्यावरच्या चिखलासाठीच असत.

पानोफ्स्कीचा हा अर्थ अनेक वर्षं शिकवला गेला. पुढे कागदपत्रांत सापडलं, की ज्या आर्नोल्फिनीचं हे लग्न मानलं जाई, त्याचं लग्न १४४७ सालचं, म्हणजे चित्रकार वारल्यानंतर सहा वर्षांनी. इन्फ्रारेड तपासणीत दिसलं, की कुत्रा आणि झुंबर रंगाखालच्या मूळ रेखाटनात नव्हतेच. पानोफ्स्की आजही आदराने वाचला जातो, आणि त्याची चूकही त्याच आदराने दाखवली जाते.

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा जोडव्यांवरून वाद पेटला. जोडव्यांनी गर्भाशयाची नस दाबली जाते, असा मेसेज आला. माझ्या मामेबहिणीने एवढंच विचारलं, "याला आधार काय?" त्यावर तिला संस्कार काढून बोलणी बसली. मला फार लागलं ते. अर्थ विचारणाऱ्या मुलीला त्या जोडव्यांची आपल्याइतकीच ओढ आहे, हे कुणाला दिसलंच नाही.

इथे लंडनमध्येही सगळं आलबेल नाही. माझ्या टिकलीचा अर्थ सहकाऱ्यांना एका वाक्यात हवा असतो. माझी आजी विधवा झाल्यावर टिकली लावत नव्हती, मी कधीकधी फक्त साडीला शोभते म्हणून लावते. ते एका वाक्यात कसं मावणार?

आता चित्रातला माणूस १४४७ साली लग्न झालेल्या त्या आर्नोल्फिनीचा चुलतभाऊ असावा, असं मानतात. या चुलतभावाची बायको १४३३च्या फेब्रुवारीपर्यंत वारली होती, म्हणून काहींना हे तिच्या आठवणीतलं चित्र वाटतं. मी हे सांगत होते तोवर आई झुंबराकडे बघत होती. नवऱ्याच्या बाजूला एक मेणबत्ती जळतेय, बायकोच्या बाजूला नुसते मेणाचे ओघळ.

"हिची विझलीय गं," ती हळूच म्हणाली.