मूल जागचे हलू नये म्हणून

आपल्या घरातील तेरा-चौदा वर्षांचे मूल जागचे हलू नये अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर त्याचे सगळे श्रेय मोबाईलला देणे आधी थांबवावे. मोबाईल हाती येण्यापूर्वीची पायाभरणी पालक, शिक्षक, शेजारी आणि गृहनिर्माण संस्थेचे सचिव यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केलेली असते आणि तिची दखल कोणीच घेत नाही.

5 ते 17 वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाबरू नये. याच संघटनेच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 146 देशांच्या पाहणीनुसार 11 ते 17 वयाची 81 टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. तेव्हा बहुमत आपल्याच बाजूला आहे. भारताचे आकडे मात्र जगाच्या मानाने किंचित बरे निघाले आणि त्याची संभाव्य कारणे म्हणून मुलांचे क्रिकेट व मुलींच्या वाट्याला येणारे घरकाम यांचा उल्लेख झाला. क्रिकेटचा बंदोबस्त सोपा आहे: वाहनतळावर 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावावी आणि पहिल्याच फुटलेल्या काचेनंतर चेंडू जप्त करावा.

मुलींच्या बाबतीत अधिक कौशल्य लागते. बारा वर्षांपर्यंत लंगडी आणि खो-खोमध्ये कोणाला हाती न लागणारी मुलगी एके दिवशी 'आता मोठी झालीस' या तीन शब्दांच्या मंत्राने घरात आणता येते. उरलेले काम 'उन्हात रापशील', 'हे कसले कपडे' आणि 'दिवेलागणीच्या आत घरी' ही वाक्ये करतात. तिने केर काढला, भांडी घासली, पाणी भरले, की व्यायाम झालाच, आणि त्यासाठी बूटही घ्यावे लागत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा अभिमानाचा संदेश सर्व गटांत पाठवावा. तो पाठवताना मुलीला चहा ठेवायला सांगण्यास हरकत नाही.

शाळेचा हातभारही मोलाचा असतो. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या सरांना द्यावा. तो दिलाच नाही, तर दोन तरबेज मुलांना संघ निवडायला सांगून जाड मुलाला शेवटपर्यंत उभे ठेवावे आणि तो धावू लागला की सर्वांनी हसावे. पुढच्या आठवड्यापासून त्याचे पोट तासाच्या आधी आपोआप दुखू लागते.

घरी आदर्श घालून द्यावा. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही दुचाकी काढावी आणि मुलाला मागे बसवावे. 'दहावी झाली की खेळ' असे वचन निःशंकपणे द्यावे, कारण लगेच प्रवेश परीक्षांचे क्लास सुरू होतात आणि वचन पाळण्याची वेळच येत नाही. वाढदिवसाची सायकल वाहनतळात प्लास्टिकच्या वेष्टनासह उभी ठेवावी. तिच्यावर पायपुसणी चांगली वाळतात.

एवढी खबरदारी घेतल्यावर, खेळाडूंना दहावीत सवलतीचे गुण मिळतात हे नववीच्या अखेरीस आपल्या कानावर येईल. तेव्हा धावत जाऊन, तीन महिन्यांत राज्य पातळी गाठता येईल असा खेळ कोणता, याची चौकशी करावी. मैदान कुठे आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.