पॅनल आलं म्हणून टाचण संपत नाही

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पालकांच्या गटांवरही तो पोचलाय, त्यामुळे 'मॅडम, आपल्या शाळेत पॅनल कधी बसणार?' असे फोन येऊ लागलेत. (पॅनल म्हणजे वर्गातली मोठी टच स्क्रीन.) इमोजी आणि हात जोडलेली चित्रं गाळली की मेसेज उरतो तो असा: 'वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, पाहिलेलं आणि ऐकलेलं 50. प्रत्येक वर्गात पॅनल आणि प्रत्येक हातात टॅब द्या, निकाल आपोआप वाढेल. आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत. पाठ टाचण (तासाचं लेखी नियोजन) आता एआय लिहून देतं, शिक्षकाने त्यात वेळ घालवू नये. अजून खडूला चिकटलेले शिक्षक मुलांचं नुकसान करत आहेत.'

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. वर्गात स्मार्ट टीव्ही आहे आणि मी तो वापरतेही. म्हणून हे उत्तर लिहायला घेतलं.

टक्केवारीचं आधी उरकते. हे आकडे डीएडच्या वर्गापासून आपल्या मागे लागलेत. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या अनुभव-शंकूच्या, म्हणजे शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षापासून शब्दांपर्यंत खालून वर रचणाऱ्या आकृतीच्या, नावावर ते खपवले जातात. डेल यांनी हा शंकू 1946 मध्ये दृक्-श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात मांडला, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. दहा, वीस, तीस, पन्नास... खऱ्या प्रयोगातले आकडे इतक्या शिस्तीत रांगेत उभे राहतात का? कितवीच्या मुलांना काय वाचायला दिलं, किती दिवसांनी विचारलं, याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. गंमत म्हणजे मूळ शंकूच्या तळाशी प्रत्यक्ष अनुभव आहे आणि चित्रपट क्षेत्रभेटीच्याही वर, म्हणजे प्रत्यक्षापासून अधिक लांब. डेल यांचाच आधार घ्यायचा तर गोदावरीचा व्हिडिओ दाखवण्याआधी मुलांना गोदाकाठी न्यायला हवं. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून पुराचा अंदाज बांधणारं हे शहर. पाणीपातळी शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठलं पॅनल देणार?

आता 'निकाल आपोआप वाढेल'. हे करून पाहिलेले देश आहेत. पेरूने ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलामागे एक लॅपटॉप या हिशेबाने वाटप केलं. 319 शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. लॅपटॉप मुलांच्या हातात पोचले होते, ते वापरलेही जात होते. गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक पडला नव्हता.

त्याहून बोलकं उदाहरण शेजारच्या गुजरातचं. ज्ञानशाळा या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांत संगणकावर गणिताचा सराव सुरू झाला आणि अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास केला. काही ठिकाणी हा सराव शिक्षकाच्या तासाऐवजी होता, काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जादाचा. जिथे संगणकाने शिक्षकाचा वेळ खाल्ला तिथली मुलं मागे पडली. जिथे तो जादा मिळाला तिथली पुढे गेली, आणि कच्च्या मुलांना त्याचा विशेष फायदा झाला. सराव तोच, मुलं त्याच वयाची. तो वेळापत्रकात कुठे बसवला यावरून निकाल उलटा झाला. कुठे बसवायचा हे ठरवण्यालाच आपण नियोजन म्हणतो ना?

तंत्रज्ञानाच्या बाजूचा पुरावाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर सहावी ते नववीच्या मुलांचा शाळेबाहेरच्या केंद्रांत अभ्यास झाला. तो शोधनिबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात आणि हिंदीत इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. पण ते सॉफ्टवेअर करत काय होतं? सातवीतल्या मुलाला चौथीचं गणित जमत नसेल तर त्याला चौथीपासून प्रश्न देत होतं. शिवाय सत्राचा निम्मा वेळ मुलं छोट्या गटात माणसाकडूनच शिकत होती. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची पातळी रोज तपासणं एकट्या शिक्षकाच्या आवाक्यात नसतं. ती नेमकी अडचण यंत्राने उचलली. आपल्याकडे टॅब येतात त्यात बहुतेक वेळा त्या-त्या इयत्तेचे व्हिडिओ भरलेले असतात. चौथीत अडकलेलं मूल सातवीचा व्हिडिओ शांतपणे बघतं, एवढाच फरक.

'जन्मतःच डिजिटल' यावर फार शाई घालवायला नको. 2023 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालासाठी ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींपैकी ज्यांना स्मार्टफोन आणता आला, त्यांच्याकडून फोनवर कामं करून घेतली होती. यूट्यूबवर व्हिडिओ शोधणं तीन चतुर्थांशांहून जास्त जणांना जमलं. नकाशावरून दोन ठिकाणांमधला प्रवासाचा वेळ काढणं मात्र साधारण एक तृतीयांशांनाच. आणि त्याच पाहणीत सुमारे 25 टक्के जणांना प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. रील सरकवता येणं वेगळं आणि माहिती शोधून ताडून बघणं वेगळं. दुसरी गोष्ट शिकवावीच लागते, आणि तीही टाचणात लिहून.

खरा मुद्दा टाचणाचा. एआय टाचण लिहून देतं, हे खरंच आहे. मी सातवीच्या भूगोलातल्या समोच्च रेषांचं, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचं, टाचण मागून बघितलं. झटक्यात आलं: अध्ययन निष्पत्ती, प्रस्तावना, विकास, दृढीकरण, गृहपाठ, सगळं जागच्या जागी. केंद्रप्रमुखांनी डोळे मिटून सही करावी असं. उदाहरण हिमालयाचं होतं आणि साहित्याच्या रकान्यात 'समोच्च रेषांचा व्हिडिओ' एवढंच लिहिलेलं.

हा पाठ शिकवलेल्या कुणालाही विचारा, मुलं कुठे अडकतात. काहींना त्या रेषा म्हणजे डोंगरावरच्या पायवाटा वाटतात. बाकीच्यांना 'रेषा जवळ म्हणजे उतार तीव्र' हे वाक्य पाठ होतं, पण का ते कळत नाही. व्हिडिओ दाखवून विचारलं, 'उतार जास्त तिथे रेषा कशा?' तर सगळा वर्ग एका सुरात 'जवळ!' म्हणतो. मग अनोळखी नकाशा पुढे ठेवून विचारा, यातल्या कुठल्या बाजूने चढाल? वर्ग चिडीचूप. कारण व्हिडिओत रेषा आयत्या येतात. समोरून दिसणारा डोंगर वरून कसा दिसेल, ही उडी मुलांनी स्वतः मारलेली नसते.

माझ्या टाचणात म्हणून आधी टब येतो. शाडूचा डोंगर करायचा, एक बाजू मुद्दाम उभी ठेवायची. टबात दोन-दोन सेंटिमीटर पाणी चढवायचं आणि दर वेळी पाण्याच्या कडेने काडीने रेघ ओढायची. पाणी काढून टाकलं की मुलं वरून बघून ते वहीत उतरवतात. उभ्या बाजूला रेघा एकमेकींना चिकटलेल्या त्यांना स्वतःलाच सापडतात. शाडू, टब, पाणी. वीज लागत नाही. मग टीव्ही लावायचा. गूगल अर्थवरचा त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी डोंगर, आधी अगदी सरळ वरून. प्रश्न एकच: रेषा कुठे दाट येतील? मुलं अंदाजाने वहीत काढतात. त्यानंतर चित्र हळूहळू कलतं करायचं. कातळकडा उभा राहतो आणि ज्यांनी तिथे रेषा विरळ काढल्या ती मुलं आपसूक खोडरबर शोधायला लागतात. हे सगळं सात-आठ मिनिटांत होतं. नंतर टीव्ही बंद. शाळेतल्या नेटच्या भरवशावर बसू नका. घरच्या वायफायवर स्क्रीन रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर न्या.

यात यंत्राने केलेलं काम मला खडूने करता आलं नसतं, कारण ब्रह्मगिरी फळ्यावर कलता होत नाही. पण ते कुठल्या मिनिटाला आणि कुठल्या प्रश्नानंतर आणायचं, हे ठरवायला माझी मुलं कुठे अडखळतात ते ठाऊक असावं लागतं. एआयला ते सांगितलंत तर टाचण बरं येईल, यात शंका नाही. पण मग सांगण्यापूर्वीचा विचार तुम्हीच केलेला असतो, म्हणजे टाचणाचं अवघड काम उरकलेलंच असतं. उरलेली लिखापढी त्याने खुशाल करावी. आमच्या माना त्या रकान्यांतच मोडल्यात.

पावसाचंही तसंच. इगतपुरी आणि सिन्नर एकाच जिल्ह्यात; एक घाटमाथ्यावर, दुसरं पर्जन्यछायेत. पुस्तकातला आलेख जुना असतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मात्र तालुकावार रोजचा पाऊस मिळतो. जुलैत मुलांनी तिथून दोन्ही तालुक्यांचे आकडे काढायचे आणि स्तंभालेख आधी हाताने आलेख कागदावर काढायचा. पहिल्यांदाच संगणकाने काढून दिला तर प्रमाण कसं घ्यायचं हा प्रश्न मुलांना पडतच नाही.

राहिला खडूला चिकटलेल्या शिक्षकांवरचा टोमणा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे, एवढंच आपण लक्षात ठेवलं. त्यांच्या वर्गातल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हतं, तिथून ते काम सुरू झालं होतं. अडचण आधी सापडली, कोड नंतर आला. आपल्याकडे उलटा प्रकार चालतो. शाळाभेटीच्या दिवशी पॅनल चालू दिसलं पाहिजे आणि मुलांच्या हातात टॅब असलेला फोटो गटावर पडला पाहिजे. त्या पॅनलवर त्या तासाला काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही.

(याच्या उलटा मेसेजही फिरतोय: 'स्वीडनने शाळांतून संगणक हद्दपार केले.' तोही अर्धवट आहे. तिथल्या सरकारने 2023 मध्ये छापील पुस्तकांसाठी वेगळा निधी दिला आणि लहान मुलांचा स्क्रीनवरचा वेळ कमी करण्यावर भर दिला. संगणक भंगारात काढलेले नाहीत.)

टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात आपण नुसतं 'स्मार्ट टीव्ही' लिहून मोकळे होतो. त्याच्यापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: कुठल्या प्रश्नानंतर लावणार, आणि बंद केल्यावर मुलं वहीत काय करणार. दुसऱ्याचं उत्तर सुचलं नाही तर त्या तासाला टीव्ही नको. पुढच्या शिक्षण परिषदेला फोटोंऐवजी अशी भरलेली टाचणं आणू या. माझं समोच्च रेषांचं टाचण आणि ब्रह्मगिरीचं रेकॉर्डिंग मी गटावर टाकतेय. बागलाणकरांनी त्यात साल्हेर घालावा, येवल्याकडच्यांनी अंकाई. निफाडच्या सपाटीवरच्या मंडळींना डोंगर उसना घ्यावा लागेल, पण शाडू आणि टब तिथेही मिळतो.