कोसोलाच्या तोंडी कुठली मराठी घालू?

गेले चार महिने मी आठ पानांत अडकले आहे. झोरा नील हर्स्टन ही अमेरिकेतली काळी लेखिका. गुलाम म्हणून आणलेल्या एका आफ्रिकी माणसाची कहाणी तिने त्याच्याच तोंडून ऐकून लिहिली, ते पुस्तक 'बॅराकून'. त्याची आठ पानं मराठीत आणायची होती. महिन्याभरात होईल असं वाटलं होतं. पहिल्याच पानावर गाडी रुतली.

प्रसंग साधा आहे. उन्हाळ्याचे दिवस. अलाबामातल्या मोबील शहराजवळची आफ्रिकाटाउन ही वस्ती. एका घराचं दार सताड उघडं आहे आणि आत ऐंशी ओलांडलेला एक म्हातारा गोल इनॅमलच्या भांड्यातून हाताने न्याहारी करतोय. त्याच्या मुलखात तसंच जेवतात, असं हर्स्टन आवर्जून नोंदवते. (आपल्याला त्यात विशेष काही वाटणार नाही, मी मात्र तिथे थांबले. अमेरिकेत साठ-सत्तर वर्षं काढूनही त्याच्या हाताची सवय गेली नव्हती.) अमेरिकेत सगळे त्याला कुडजो म्हणतात. हर्स्टन दाराकडे येता येताच त्याला कोसोला या त्याच्या आफ्रिकेतल्या नावाने हाक मारते. घास धरलेला हात भांडं आणि तोंड यांच्या मधेच थांबतो, डोळे भरून येतात. समुद्रापलीकडचं माझं नाव तुझ्याशिवाय कुणी घेत नाही, असं तो म्हणतो.

पण तो हे असं म्हणत नाही. त्याच्या इंग्रजीत नकारावर नकार येतो, क्रियापदाला एक जास्तीचा स्वर चिकटतो, 'द' आणि 'ड' एकमेकांत मिसळतात. हर्स्टनने ते कानाला ऐकू आलं तसं उतरवलं. मग मी त्याच्या तोंडी कुठली मराठी घालू?

पहिल्यांदा वऱ्हाडीत केलं. माझं माहेर अकोल्याचं, म्हणून ती हाताशी होती. वाचून पाहिलं तर कोसोला बाळापूरच्या बाजारातला शेतकरी वाटायला लागला. तेव्हा लक्षात आलं की वऱ्हाडी ही कुणाची तरी मायबोली आहे. ती आईच्या कडेवर बसून शिकलेली भाषा आहे, ती तुटकी नाही. कोसोलाची मायबोली योरुबा. इंग्रजी त्याच्या तोंडात कोंबली गेली, तीही एकोणिसाव्या वर्षी, गुलाम म्हणून राबताना. दाहोमी या पश्चिम आफ्रिकेतल्या राज्याच्या सैन्याने त्याचं गाव कापून काढलं, उरलेल्यांना किनाऱ्यावर नेऊन विकलं. १८६० साली 'क्लोटिल्डा' जहाजातून सुमारे ११० माणसं चोरून अमेरिकेत आणली गेली. बाहेरून गुलाम आणायला तिथे १८०८ पासूनच बंदी होती. त्या ११० जणांतला तो एक. जहाजावर चढवण्याआधी माणसांना ज्या कोंडवाड्यात ठेवायचे, तो बॅराकून.

साडेपाच वर्षांनी गुलामगिरी संपली. या लोकांना परत जायचं होतं, पण भाड्याला पैसे नव्हते. ज्याने आणलं त्याच्याकडे जमीन मागितली, त्याने नाही म्हटलं. मग पैपैसा साठवून त्यांनी जमीन विकत घेतली आणि वस्ती उभी केली. तिचं नाव आफ्रिकाटाउन.

हे सगळं त्याच्या त्या इंग्रजीत आहे. प्रत्येक वाक्यात दोन भाषांची झटापट ऐकू येते. ती काढून टाकली तर काय उरतं? एक करुण कहाणी, कुणाचीही.

आणि नेमकं तेच काढायला सांगितलं गेलं. १९३१ च्या सुमारास हर्स्टनने हस्तलिखित पाठवलं तेव्हा वायकिंग प्रेसने रस दाखवला, पण बोलीऐवजी भाषेत लिहून द्या म्हणून. म्हणजे कोसोला बोलतो ती भाषाच नाही! हर्स्टनने नकार दिला. पुस्तक पडून राहिलं. १९३५ मध्ये कोसोला गेला, १९६० मध्ये हर्स्टन गेली, आणि पुस्तक आलं २०१८ मध्ये. जवळजवळ सत्त्याऐंशी वर्षं.

वेदना दुसऱ्या बाजूनेही होत्या, आणि मला त्या जास्त लागतात. १९३७ मध्ये तिची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. फ्लोरिडातलं ईटनव्हिल हे काळ्या लोकांनीच वसवलेलं आणि चालवलेलं गाव. तिचं बालपण तिथेच गेलं. कादंबरीतही त्याच गावात दुकानाच्या ओट्यावर बसून माणसं थापा मारतात, खेचाखेची करतात, प्रेमात पडतात. रिचर्ड राइट हा त्या काळातला मोठा काळा लेखक. त्याने परीक्षणात लिहिलं की या कादंबरीला विषयच नाही, विचार नाही, काळ्यांचं सोंग काढून गोऱ्यांना हसवण्याची जुनी परंपराच ही बाई पुढे चालवते आहे. राइटचा राग मला कळतो. तो मिसिसिपीत वाढला, झुंडी माणसं जाळत होत्या त्या काळात. पण ओट्यावरचं हसणं हे गोऱ्यांसाठी नव्हतं. ते आपसातलं होतं. सोसणाऱ्याने फक्त सोसल्याचंच लिहावं, ही अट आपल्याच माणसाने घातली तरी ती अटच.

हर्स्टन म्हणजे देवी नाही. कोसोलावरचा तिचा पहिला, १९२७ चा लेख बराचसा दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाला तिने विरोध केला, तो मला अजिबात पटत नाही. पण चुकल्यावर ती आफ्रिकाटाउनला परत गेली. पीच नेले, हॅम नेलं, कलिंगड नेलं. ज्या दिवशी म्हाताऱ्याला बोलावंसं वाटेना, त्या दिवशी त्याच्यासोबत नुसतं कलिंगड खाल्लं. त्याला वेळ दिला, म्हणून तो बोलला.

शेवटी फ्लोरिडातल्याच फोर्ट पियर्सच्या सरकारी आधारगृहात ती वारली. कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर ही पुढच्या पिढीतली काळी लेखिका कमरेएवढ्या तणात ती जागा शोधत फिरली आणि दगड बसवून आली. त्यावर जन्मसाल १९०१ कोरलंय, खरं १८९१.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की मागच्या आठवड्यात माझी आठ पानं एका नियतकालिकाकडून परत आली. आशय उत्तम आहे, म्हातारा चटका लावतो, पण संवाद सुलभ प्रमाण मराठीत करून द्याल का, वाचकाला अडखळायला होतं. पत्र आपुलकीचं होतं, त्यामुळे जास्तच लागलं. अहो, अडखळू दे ना! तो माणूस जन्मभर अडखळला त्या भाषेत.

आपल्याला तर हे नवीन नाही. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि त्याच जोतीरावांच्या मराठीत चिपळूणकरांनी व्याकरणाच्या चुका काढल्या. त्या चुकांवर बोट ठेवलं की पुस्तकात काय म्हटलंय त्याकडे बघावं लागत नाही.

मी वऱ्हाडी काढून टाकली आहे. प्रमाण मराठीही नाही. आता क्रियापदं मोडून बघतेय, लिंग चुकवतेय, नकार दोनदा घालतेय, परक्या मुलखात मोठेपणी मराठी शिकलेला माणूस बोलेल तसं. काल रात्री एक वाक्य जमल्यासारखं वाटलं: 'पान्याच्या पल्याडचा माझा नाव कोनी नाय घेत नाय, येक तू घेते.' मोठ्याने वाचलं. 'माझा नाव' ऐकून मुलगी आतून ओरडली, आई, चुकलं. मी म्हटलं, त्याला तसंच म्हणायचंय.

पानं दुरुस्त करून पाठवणार नाही, असं त्या संपादकांना कळवलंय. या नव्या मराठीत आणायची अजून साडेपाच पानं उरलीत. त्यात तो फोटोचा प्रसंग आहे. हर्स्टन फोटो काढणार म्हणून कोसोला ठेवणीतला सूट घालून येतो, पण पायात जोडे नाहीत. आफ्रिकेत असल्यासारखं दिसायचंय मला, कारण मला तिथंच असायचंय, म्हणतो. आणि आपल्या बायकामुलांच्या कबरींमध्ये जाऊन उभा राहतो.