मंगळावरील ‘घातक किरणां’च्या संदेशाबाबत खुलासा

मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुन्हा फिरत आहे: आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत मंगळावरून निघालेले वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार असल्याने मोबाइल बंद करून शरीरापासून दूर ठेवावा. ही माहिती चुकीची आहे.

संदेशात तारीखच नाही. केवळ ‘आज रात्री’ असे लिहिलेले असल्यामुळे तो वर्षानुवर्षे जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. वैश्विक किरणांचा उगम मंगळ नव्हे. हे किरण म्हणजे अतिशय वेगवान सूक्ष्म कण; ते मुख्यतः सूर्यमालेबाहेरून आणि काही प्रमाणात सूर्याकडून रात्रंदिवस येत असतात, आणि त्यांचा शोध भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून घेतलेल्या मोजणीतून लागला. वातावरण व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना बऱ्याच अंशी अडवतात. त्यांच्यापासून तयार झालेले म्यूऑन हे कण मात्र जमिनीपर्यंत पोहोचतात आणि आपल्या तळहातातून साधारणपणे दर सेकंदाला एक या प्रमाणात आरपार जातात. मोबाइल चालू असो वा बंद, त्यात काहीही बदल होत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांच्या काळापासून याच किरणांचा अभ्यास झाला आहे.

माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे: या भीतीने रात्री फोन बंद ठेवणाऱ्या घरी गावाकडच्या आजारी आईवडिलांचा किंवा रुग्णालयाचा तातडीचा फोन लागणार नाही. म्हणून सर्वांना कळकळीची विनंती आहे की, हा संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा द्यावा.