टक्के पायाचे की पोटाचे?

भाऊजींच्या अपघाताच्या भरपाईचा दावा कोर्टात चाललाय, आणि दर तारखेला तेच! विमा कंपनीचा वकील विचारतो, ‘पगाराची स्लिप?’ अहो, सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणणाऱ्याला कसली आलीय स्लिप? आठवड्याला रोख हातात पडते, बस्स. मग भाऊजींचे महिन्याचे 15 हजार कागदावर 8 हजार होतात. गुणिले 12 महिने, वय 38 म्हणून वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणिले 15, आणि त्याचे फक्त 30 टक्के, कारण अपंगत्वाच्या दाखल्यावर पाय तेवढाच अधू! दिवसभर मागापुढं उभं राहायचं काम. कमाई 30 टक्केच बुडाली होय? सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय, अवयवाचे नाही, बुडालेल्या कमाईचे टक्के धरा. तरी आमच्या वकिलानं ते दरवेळी नव्यानं वाचून दाखवायचं. वर विचारतात, दवाखान्याच्या रिक्षाच्या पावत्या कुठायत? रिक्षावाला आणि पावती!