ॲडव्हान्स मागायला लाज नाही वाटत?

फ्रीलान्स वेब डिझायनर व्हायचं ठरवलंत, फार छान केलंत. लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे आणि समोरच्याला कधी नाही म्हणायचं नाही हा गुण तर अंगात उपजतच आहे. झाली की धंद्याची तयारी! राहता राहिली फी आणि पैशांच्या अटी. त्यात अवघड असं काही नाही. खालच्या सूचना पाळा, तुम्हाला कामाची कधीही कमी पडणार नाही. पैशांची पडेल, कामाची नाही.

सुरुवात दरापासून. नोकरीत वर्षाला जो पगार मिळायचा त्याला वर्षाच्या तासांनी भागा. ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २०८०. आला तुमचा ताशी दर, आता त्याला चिकटून राहा. सुट्ट्या वगळायच्या नाहीत, आजारपण धरायचं नाही, कारण फ्रीलान्सर आजारी पडत नाही. कोटेशन बनवणं, मेलना उत्तरं देणं, ‘फक्त पाच मिनिटं बोलायचंय’ म्हणून सुरू झालेला तासाभराचा कॉल, बिलाच्या मागे लागणं, या तासांचे पैसे कुणीच देत नाही, तेव्हा ते तास नसतातच असं समजा. काही रडे लोक सुट्ट्या-आजारपणाचे सहा आठवडे आधी काढून टाकतात. मग उरलेल्या १८४० तासांतला तिसरा हिस्सा या बिनपैशाच्या कामांचा म्हणून वजा करतात. त्यांच्याकडे विकायला जेमतेम १२०० तास उरतात आणि तेवढाच पगार सुटायला दर तुमच्या दीडपटीच्याही वर न्यावा लागतो. वर कर, सॉफ्टवेअरची वर्गणी, दर काही वर्षांनी नवा लॅपटॉप हेही त्यात धरतात म्हणे. असली संकुचित वृत्ती बरी नव्हे.

समोरचा ‘बजेटचं काही नाही, तुम्हीच सांगा’ म्हणाला की लगेच आकडा सांगा, आणि तो दोन सेकंद गप्प बसला की निम्मा करा.

कोटेशनमध्ये आकडा एकच असावा. त्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही हे अजिबात लिहू नका. लिहिलं की गैरसमजाला जागा उरत नाही, आणि गैरसमज नसेल तर क्लायंटशी नातं तयार कसं होणार? तो ‘पाच पानांची साधी साइट’ म्हणतो तेव्हा पाच पानंच ऐका. पाचातलं एक पान म्हणजे पेमेंट गेटवेसकट आख्खं ऑनलाइन दुकान आहे आणि दुसऱ्यावर अपॉइंटमेंट बुक करायची सोय हवी आहे, हे हळूहळू कळू द्या. मजकूर कोण लिहिणार, फोटो कुठून येणार, साइटला जोडायच्या तयार सोयींचा, म्हणजे प्लगइनचा, दर वर्षीचा परवाना कोण भरणार, असल्या क्षुल्लक गोष्टी आधीच विचारून मूड घालवू नका. साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट आहे, मग तुम्ही कसले पैसे घेता, असं त्याने विचारलं तर वरमून खाली बघा.

बदल अमर्याद द्या. हा शब्द कोटेशनमध्ये ठळक अक्षरांत टाका. लोगो मोठा करा, आता जरा लहान करा, पहिलाच बरा होता, निळा हवा पण इतका निळा नको, काहीतरी ‘पॉप’ व्हायला पाहिजे. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हॉइस नोटला बदलाची विनंती म्हणत नाहीत, जिव्हाळा म्हणतात.

‘हे काम स्वस्तात करा, पुढे खूप कामं देणार आहोत.’ करा, करा. पुढची स्वस्त कामं दुसऱ्या कुणाकडे जायला नकोत.

आता मुख्य मुद्दा, ॲडव्हान्स. तो मागणं हा उर्मटपणा आहे. हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. एका क्लायंटला कोटेशन पाठवलं होतं. काम सुरू करण्याआधी निम्मे, डिझाइन मंजूर झाल्यावर पाव, साइट त्यांच्या सर्व्हरवर चढवण्याआधी उरलेला पाव. त्यावर उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही फारच कडक दिसता. बाकीचे डिझायनर ॲडव्हान्स घेत नाहीत. आधीच्यांनी तर एक पैसा न घेता सगळी साइट करून दिली. लाँच झाल्यावर पैसे, असं साधं ठरलं होतं. विश्वासावर चालतं हो सगळं.’

मग आधीच्यांना सोडून माझ्याकडे कसे काय आलात?

तर म्हणे, ते आता फोन उचलत नाहीत. अगदीच अनप्रोफेशनल निघाले. आणि साइट तशी नव्वद टक्के तयार आहे, तुम्ही फक्त फिनिशिंग करायचं. त्या मानाने तुमचं कोटेशन जास्त वाटतं. वर ‘बघा तरी एकदा’ म्हणून ॲडमिनचं लॉगिन न मागता पाठवून दिलं.

बघितलं. पान ‘होम फायनल’, पान ‘होम फायनल नवीन’, पान ‘होम फायनल अप्रूव्ह्ड’, पान ‘होम फायनल अप्रूव्ह्ड सरांचे बदल’. नुसते रंग बदललेले नाहीत, दर वेळी पान पहिल्यापासून रचलेलं. फोनवर नीट दिसावं म्हणून प्रत्येक भाग वेगळा बसवलेला. पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंधांसाठी प्रत्येक चित्राला वर्णन दिलेलं, आणि हे तर कुणी मागितलंसुद्धा नसणार. फॉर्म तपासलेला, आलेल्या टेस्टच्या नोंदी तिथेच होत्या. ज्याने केलं त्याला काम येतं. आणि ‘आमच्या सेवा’ उघडलं तर लोरेम इप्सम, म्हणजे नुसता जागा भरायला टाकलेला बिनअर्थाचा मजकूर. ‘आमच्याविषयी’ उघडलं, लोरेम इप्सम. ‘टीम’वर राखाडी चौकोन आणि ड्राफ्टच्या कोपऱ्यात टीप, फोटो आले की टाकणे. कुणाकडून यायचे फोटो? ह्यांच्याकडून! मजकूर ह्यांच्याकडून, फोटो ह्यांच्याकडून, डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, पासवर्ड ह्यांच्या कुठल्यातरी सोडून गेलेल्या माणसाकडे, शेवटचा होकार परगावी गेलेल्या भागीदाराकडे. आणि पैसे कधी? लाँच झाल्यावर. लाँच कधी? हे सगळं आलं की. म्हणजे देणेकऱ्याने स्वतःच ठरवायचं की देणं कधी सुरू होणार, आणि तो दिवस उगवलाच नाही तर देणंच नाही! व्याज नाही, तारीख नाही, तगादा लावला की ‘अहो, साइट लाइव्ह तर होऊ दे’. बिचारा किती महिने बसला असेल कंटेंटची वाट बघत कोण जाणे. मग त्याने फोन उचलणं बंद केलं, तर अनप्रोफेशनल तो!

असो. माझा तोल जातोय. आपण सूचनांकडे वळू.

बिलावर ‘३० दिवसांत’ असं लिहा, पण ३० दिवस कधीपासून मोजायचे ते लिहू नका.

पैसे यायच्या आधी साइट त्यांच्या सर्व्हरवर चढवा, ॲडमिन पासवर्ड त्यांच्या हातात ठेवा, डिझाइन ज्यात केलं त्या मूळ फिग्मा फाइलचा एडिट ॲक्सेस द्या, बॅकअपही द्या. मग शांतपणे बिल पाठवा. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण तुमच्याबद्दल नाही असं मनाशी घोकत राहा.

उशीर झाला तर जादा आकार लावू नका. वाईट दिसतं.

काम मधेच बंद पडलं तर ‘काही हरकत नाही’ म्हणा. झालेल्या कामाचे पैसे मागितले तर लोक काय म्हणतील?

आणि यातली कुठलीही गोष्ट कागदावर आणू नका, कारण... नाही, आता हे नाटक पुरे. सरळ बोलते.

अरे बाबा, तू जो कोण आहेस, चार होमपेज फुकट रचून देणारा, आणि तुझ्यासारखे बाकीचेही, तुम्ही याला चांगुलपणा म्हणता. ही भीती आहे. क्लायंट जाईल ही भीती. गेला तर गेला! पैसे न देणारा क्लायंट गेल्याने नुकसान काय होतं? उलट तुम्ही बिनॲडव्हान्सचं काम केलंत की तो तुमच्या नावाने पुढच्या दहा जणांना सांगतो, ‘बाकीचे घेत नाहीत’. ते ‘बाकीचे’ तुम्ही आहात. तुमच्या भिडस्तपणाची पावती माझ्या इनबॉक्समध्ये येते, त्याचा संताप आहे मला.

अटी काय फार अवघड आहेत का? पहिला हप्ता जमा झाल्याशिवाय फाइल उघडायची नाही. पुढचे हप्ते तुम्ही काय दिलंत त्यावर बांधायचे, त्यांनी काय केलं त्यावर नाही. डिझाइन पाठवलं, ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर ते मंजूर आणि हप्ता देय, हे एक वाक्य करारात टाकायला किती शाई लागते? कंटेंट महिनाभर आला नाही तर उरलेलं बिल लागू आणि काम पुन्हा सुरू करायचा वेगळा आकार, हे दुसरं वाक्य. बदलाच्या दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून तासावर. फॉन्ट, फोटो, प्लगइन यांचे परवाने त्यांच्या नावावर आणि त्यांच्या खिशातून. डोमेनही पहिल्या दिवसापासून त्यांच्याच नावावर ठेवा. ते अडवून वसुली करणं ही गुंडगिरी आहे, ती करू नका. शेवटचा हप्ता आल्यावर साइट तुमच्या स्टेजिंगवरून, म्हणजे चाचणीच्या जागेवरून, त्यांच्या सर्व्हरवर. आणि डिझाइनचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच जातील, हे लेखी हवं. बऱ्याच देशांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचे हक्क लेखी दिल्याशिवाय आपोआप जात नाहीत, ही एक गोष्ट तरी कायद्याने तुमच्या बाजूने ठेवली आहे. ती तुम्ही एका ‘चालेल सर’मध्ये घालवता!

आणि तुम्ही, साहेब. विश्वासावर चालतं म्हणता ना? मग तुम्ही ठेवा की विश्वास, आधी पैसे देऊन. दर वेळी विश्वास दुसऱ्यानेच का ठेवायचा? त्या माणसाचं काम तुमच्या लॉगिनमध्ये पडलंय, ते मला दाखवून तुम्ही माझा दर पाडायला बघता, आणि त्यावर हात फिरवून मी ते तुमचं करून द्यायचं? मी त्याला हात लावणार नाही. त्याचा हिशेब चुकता करा, त्याची तशी मेल मला येऊ द्या. मजकूर आणि फोटो तयार ठेवा. मग माझं कोटेशन पुन्हा काढून बघा, पहिल्या हप्त्याचा आकडा पहिल्याच पानावर आहे.