टर्न अप: एक आगंतुक क्रियापद

दुपारी दीड वाजता, ताटं वाढून झालेली असताना, दाराची बेल वाजते आणि बाहेर दोन बॅगा घेऊन नात्यातलं कोणीतरी उभं असतं. या प्रसंगासाठी मराठीत क्रियापदांची वानवा नाही. पाहुणा लाडका असेल तर तो 'अवतरतो'. फार दिवसांनी आला तर 'उगवतो'. ऐन जेवणाच्या वेळेला आला तर 'टपकतो', बॅगांसकट आला तर 'येऊन थडकतो', आणि मागचे उसने पैसे परत न करता आला तर 'हा कुठून उपटला!' काहीच सुचलं नाही तर तो 'दत्त म्हणून' उभा राहतो, म्हणजे देवाचं नाव घेऊन आपण कपाळाला हात लावतो. वयाने मोठा असेल तर 'काका टपकले'. आदरार्थी बहुवचनात अपमान करायची ही सोय मला मराठीतली सर्वात सुसंस्कृत गोष्ट वाटते.

इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एक रोजचं क्रियापद पुरतं: टर्न अप. ते वापरताना आपण अडखळतो, कारण आपल्याला राग क्रियापदातच भरायची सवय. 'टर्न अप' आळणी लागतं. मग त्यात 'सडनली' पडतं. 'अंकल सडनली टर्न्ड अप' हे व्याकरणाने चूक नाही, पण अनपेक्षितपणा त्या क्रियापदात आधीच मुरलेला आहे. वरून 'सडनली' म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ. इंग्रजीत राग ठेवायची जागा क्रियापदाच्या पुढे असते. 'अंकल टर्न्ड अप ॲट लंचटाइम', 'टर्न्ड अप अनइन्व्हायटेड', 'टर्न्ड अप विथ टू सूटकेसेस'. क्रियापद सरळ चेहऱ्याने बसून राहतं, चिमटा शेपटीत असतो.

आता चुका. पहिली आपल्या ऑफिसातल्या मराठीतून येते. 'कॅन्डिडेट टर्न अपच झाला नाही' असं आपण सर्रास म्हणतो. कुठल्याही इंग्रजी क्रियापदाला 'होणे' किंवा 'करणे' जोडलं की ते मराठीत नांदायला लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण परत इंग्रजीत जाताना तो 'झाला' सोबत निघतो आणि वाक्य होतं, 'ही वॉज नॉट टर्न्ड अप'. जणू कॅन्डिडेटला कोणीतरी उलटून ठेवायचं होतं आणि राहून गेलं. उगवण्याच्या अर्थाचं टर्न अप अकर्मक आहे, त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'डिडन्ट टर्न अप', विषय संपला.

या नकारात एक गंमत आहे. होकारात टर्न अप म्हणजे बहुधा अनपेक्षित येणं. नकारात बरोबर उलट, ज्याची वाट पाहत होतो तो न येणं. 'प्लंबर डिडन्ट टर्न अप.' याला मराठीत चपखल शब्द आहे, 'फिरकला नाही'. टर्न म्हणजे फिरणं, आणि आपल्याकडेही इथे फिरण्याचंच क्रियापद! फक्त ते बहुतेक नकारातच राबतं. प्लंबर फिरकत नाही. तो फिरकला असं सहसा कोणी म्हणत नाही, कदाचित तशी वेळच येत नसेल.

दुसरी चूक 'होता'ची. 'काल काका आले होते' हे साधं भूतकाळी वाक्य आपण इमानदारीत उलथवतो: 'अंकल हॅड टर्न्ड अप येस्टर्डे.' आता ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत बसतो, कारण इंग्रजीतल्या 'हॅड'ला पाठोपाठ भूतकाळातलीच दुसरी घटना लागते. 'अंकल हॅड टर्न्ड अप बिफोर वी कुड लॉक द डोअर', इथे तो शोभतो. नुसतं काल आले असतील तर 'टर्न्ड अप येस्टर्डे' पुरे. 'हॅज टर्न्ड अप येस्टर्डे'ही नको. 'हॅज'चं आणि 'येस्टर्डे'चं एका वाक्यात जमत नाही.

तिसरी शब्दयोगी अव्ययाची. मराठीत 'घरी' म्हटलं की काम झालं, म्हणून 'टर्न्ड अप माय हाउस' असं निघतं. त्यात 'ॲट' हवा. टर्न अपचा दुसरा, सकर्मक अर्थ आवाज वाढवणं. तेव्हा 'ॲट' गाळलात तर काकांनी तुमच्या घराचा व्हॉल्यूम वाढवला असा अर्थ निघतो. काका कोण आहेत त्यावर तो खराही असेल. या सकर्मक टर्न अपचे दोन तुकडे होतात आणि सर्वनाम मध्येच बसतं: 'टर्न इट अप'. उगवणारं टर्न अप मात्र तुटत नाही. दारासाठी ॲट, शहरासाठी इन, जेवणासाठी फॉर. 'हिअर' आणि 'देअर'ला काही नको.

उच्चाराचंही सांगायला हवं. 'टर्न्ड' आणि 'अप' वेगवेगळे म्हणताना आपला 'ड' हमखास सांडतो आणि भूतकाळाचा वर्तमान होतो. तो 'ड' पुढच्याला चिकटवा: 'टर्न-डप'. जोर 'डप'वर. गादीवर बॅग टाकल्यासारखा आवाज आला पाहिजे.

हरवलेल्या वस्तूही टर्न अप होतात. 'माय कीज टर्न्ड अप ऑन द फ्रिज.' इथे किल्ल्या कर्ता असतात, शोधणारा वाक्यात नसतोच. आपण 'मला सापडल्या'तला 'मला' घेऊन 'आय टर्न्ड अप माय कीज' म्हणतो. तसा प्रयोग आहे, पण तो खणून-हुडकून काढण्याचा, पोलिसी तपासातला. फ्रिजवरच्या किल्ल्यांना 'फाउंड' पुरेसं आहे. आणि 'डोन्ट वरी, इट विल टर्न अप' हे वाक्य नेहमी सोफ्यावर बसलेल्या माणसाने म्हणायचं असतं, सोफ्याखाली वाकलेल्याने नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. निमंत्रणपत्रिकेत 'प्लीज टर्न अप' लिहू नका, आणि अहवालात 'द चीफ गेस्ट टर्न्ड अप ॲट सिक्स' तर अजिबात नको. शिवी नसली तरी त्यात 'एकदाचे उगवले'ची छटा येते. प्रमुख पाहुण्यांना 'अराइव्ह्ड'च करावं, मग ते सातला का येईनात.

भावंडांचंही थोडक्यात. 'क्रॉप अप' अडचणींसाठी, माणसांसाठी नाही. पाहुणे क्रॉप अप झाले तर पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्या वाटतील. 'शो अप' जवळजवळ टर्न अपच, पण पुढे कर्म आलं की चारचौघांत त्या माणसाची लाज काढणं. 'ड्रॉप इन' म्हणजे उभ्या उभ्या येऊन जाणं, त्यामुळे बॅगा दिसल्या की तो शब्द बाद.

राहता राहिला दारातला माणूस. त्याच्या तोंडावर टर्न अप म्हणायचं ते फार तर जवळच्याला, हसत. बाकीच्यांविषयी ते मागाहून, तिसऱ्याला फोनवर सांगायचं असतं. दारात 'या, या, अगदी वेळेवर आलात' एवढंच. तोवर आत वरणात तांब्याभर पाणी पडतं. त्यालाही इंग्रजीत असंच जोडक्रियापद आहे, 'वॉटर डाउन'. पातेल्यातलं वरण चांगलं चार बोटं वर येतं, तरी डाउनच.